साडेपाच टीबी डेटाचा बॅकअप : क्लाऊडवर की हार्ड डिस्कवर?

शहापूर_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात आमचा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, बारसं, मुंज, गणपती मंडळं, शिवजयंतीची मिरवणूक असं सगळं शूटिंग करतो. वडिलांच्या काळात निगेटिव्हचे डबे असायचे, आता सगळं हार्ड डिस्कवर. साठत साठत डेटा साडेपाच टीबीच्या वर गेलाय. एका पीसीत दोन मोठ्या डिस्क आहेत आणि कपाटात काही एक्स्टर्नल आहेत, कुठल्यात काय ते वर पट्टी चिकटवून लिहिलेलं. मागच्या महिन्यात त्यातली एक लावली तर टिक टिक आवाज करायला लागली आणि विंडोजमध्ये दिसायचीच बंद झाली. त्यातलं सगळं पीसीवर पण होतं म्हणून निभावलं, पण त्या दिवसापासून डोक्यात तेच चाललंय.

धाकटा भाऊ म्हणतो सगळं क्लाऊडवर टाक आणि मोकळा हो. आमचा एडिटर म्हणतो क्लाऊड-बिलाऊड काही नको, महिन्याला पैसे भरत बसायचं, त्यापेक्षा दोन डिस्क घे. दोघांचंही पटतं आणि दोघांचंही अर्धंच पटतं. नेट फायबरचं आहे, ५० एमबीपीएस. पावसाळ्यात लाईट जाते-येते ते काय तुम्हाला सांगायला नको. कुणी मोठ्या डेटाचा बॅकअप नीट लावलेला असेल तर सविस्तर सांगा की ओ.

बेंगळूरात_बेळगावकर

दादा, पहिलं म्हणजे ती टिक टिक करणारी डिस्क परत परत लावून बघू नका. आतला हेड प्लेटवर घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडा थोडा डेटा जातो. त्यात दुसरीकडे नसलेलं काही असेल तर तशीच बाजूला ठेवा, रिकव्हरीवाले क्लीन रूममध्ये उघडतात, पण खर्च हजारोंत जातो आणि गॅरंटी कुणी देत नाही.

आता क्लाऊडचं. मी स्वतः क्लाऊडच्या बाजूचा माणूस आहे, इथे आमचं कामच ते. क्लाऊडचा मोठा फायदा म्हणजे तुमचा स्टुडिओ जळाला, चोरी झाली, काहीही झालं तरी डेटा दुसऱ्या गावात, बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यात किंवा देशात असतो. आणि डिस्क मेली की बदलायचं काम त्यांचं. पण तुमच्या आकड्यांचा हिशेब करून बघा. साडेपाच टीबी ५० एमबीपीएसने वर चढवायचं म्हणजे कागदावर सलग दहा दिवसांच्या वर, तेही नेट एक मिनिट न तुटता आणि दुसरं कुणी ते नेट न वापरता. प्रत्यक्षात दोन-तीन आठवडे धरा. प्लॅनमध्ये अपलोडचा स्पीड डाउनलोडइतकाच आहे का तेही विचारून घ्या, आणि बऱ्याच अनलिमिटेड प्लॅनना महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, त्यानंतर नेट रांगायला लागतं.

आणि फुकटच्या भरवशावर राहू नका. गूगलचं १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. फोटोंचं अमर्याद फुकट १ जून २०२१ पासून बंद झालं. वनड्राइव्ह आणि आयक्लाऊड ५ जीबी देतात. तुमच्या एका लग्नाच्या रॉ फाइलीच (कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ, मोठ्या फाइली) त्यापेक्षा कितीतरी जास्त होतात.

उद्यमबाग_आयटी

वरच्या सरांनी हिशेब बरोबर मांडलाय. मी इकडे उद्यमबागेत आणि आजूबाजूला छोट्या वर्कशॉपचं नेटवर्क, कॉम्प्युटर बघतो, तर एक गोष्ट तळमळीने सांगतो कारण दर दोन-चार महिन्यांनी कुठेतरी हेच बघावं लागतं. लोक सिंकला बॅकअप समजतात. ड्राइव्हचं किंवा वनड्राइव्हचं फोल्डर पीसीवर लावलं, हिरवी टिक आली की झालं असं वाटतं. पण सिंक म्हणजे इकडे जे होईल तेच तिकडे. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, त्यानंतर गेली. लग्नाचा फोल्डर चुकून डिलीट झाला आणि पार्टी अल्बम मागायला चार महिन्यांनी आली तर कुठून देणार? फोनमध्ये गूगल फोटोचंही तेच, सिंक चालू असताना अॅपमधून डिलीट केलं की क्लाऊडवरचंही जातं.

एका टर्निंग शॉपमध्ये काय झालं ते सांगतो, नाव नको. सकाळी मालकांनी पीसी चालू केला तर सगळ्या ड्रॉइंगची नावं बदललेली, शेवटी कसलंतरी विचित्र एक्स्टेंशन, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल, त्यात पैसे भरा म्हणून. रॅन्समवेअर. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क होती, रोज रात्री आपोआप कॉपी व्हायची, पण ती कायम यूएसबीला लावलेली. ती पण लॉक. सिंकवाल्या फोल्डरमध्ये पण लॉक झालेल्याच फाइली वर चढलेल्या. वाचवलं कशाने तर मालकांच्या मुलाने दिवाळीत एक डिस्क घरी नेऊन ठेवली होती, तिने. चार महिन्यांचं काम गेलं पण बाकीचं परत मिळालं, कास्टिंगची पॅटर्न ड्रॉइंग होती त्यात, ती परत काढायची म्हणजे वर्ष गेलं असतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा जगभर हॉस्पिटलांपासून कारखान्यांपर्यंत असंच झालं होतं.

म्हणून माझं सांगणं, डिस्क कॉपी झाली की काढायची. वायर काढून कपाटात. आणि क्लाऊड घ्यायचं तर असं घ्या ज्यात फाइलीच्या जुन्या आवृत्त्या राहतात.

निपाणीकर_तंबाखू

मंडळी, डिस्क कपाटात ठेवा म्हणताय ते ठीक, पण कपाट कुठे ते पण बघा.

२०१९ चा ऑगस्ट आठवतोय सगळ्यांना. यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर, पुणे-बेंगळूर रस्ता कितीतरी दिवस बंद, तिकडे गोकाकात घटप्रभा, संकेश्वरला हिरण्यकेशी, चिक्कोडीच्या नदीकाठच्या गावांत कृष्णा आणि दूधगंगा. आमच्या ओळखीच्या एका अडत दुकानात तळमजल्यावर पीसी होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. पाणी आलं तेव्हा माणसांना आणि मालाला वर काढायचं की डिस्क शोधायची? दोन्ही एकाच पाण्यात. आणि पुढे ऐका, त्यांच्याच थोरल्या भावाकडे कोल्हापुरात अजून एक कॉपी होती, दुसऱ्या गावात आहे म्हणून सगळे निर्धास्त. तर त्याच आठवड्यात पंचगंगेचं पाणी त्या भावाच्या पण घरात. एकाच पावसाने एकाच वेळी दोन्ही कॉपी गेल्या.

त्यामुळे "बाहेरगावी ठेवा" एवढ्यावर भागत नाही. आपल्या सीमाभागात पाव्हणे-रावळे सगळे या नद्यांच्याच काठाला. सह्याद्रीत पाऊस झाला की कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिक्कोडी, गोकाक सगळीकडे एकदमच पाणी चढतं. २०२१ च्या जुलैला परत तेच. डिस्क ठेवायची तर उंचावर ठेवा, वरच्या मजल्यावर ठेवा, नदी सोडून ठेवा. त्या दृष्टीने क्लाऊड मला पटतो, कारण मुंबईतल्या डेटा सेंटरला वेदगंगा काय करणार.

शहापूर_स्टुडिओ

बापरे, हा विचार खरंच नव्हता केला. आमचा स्टुडिओ तळमजल्यावर आहे. नदी नाही जवळ पण मोठा पाऊस झाला की गल्लीत पाणी साठतंच.

उद्यमबाग सर, मग मी एक मोठं नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा) घेऊ का? एका दुकानात दाखवलं, दोन डिस्क असतात, एक मेली तरी दुसरीवर सगळं असतं म्हणे. किंमत बरीच आहे पण एकदाच खर्च होईल.

उद्यमबाग_आयटी

@शहापूर_स्टुडिओ नॅस चांगली वस्तू आहे पण ती कशासाठी घेताय ते बघा. दोन डिस्कवर एकच लिहिणं याला रेड म्हणतात, त्याने एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. एवढंच. डिलीट केलं की दोन्हीवरून डिलीट, व्हायरस आला की दोन्हीवर, वीज पडून पॉवर सप्लाय उडाला की दोन्ही एकाच डब्यात. चोराने डबा उचलला की संपलंच. सीझनमध्ये दोघे-तिघे एकाच वेळी एडिटिंग करत असाल तर नॅस घ्याच, काम सोपं होईल. पण त्याला बॅकअप धरू नका, त्या नॅसचाच वेगळा बॅकअप लागेल.

आणि नॅस असो की पीसी, यूपीएस लावा. डिस्क लिहीत असताना लाईट गेली आणि परत झटक्यात आली की फाइल सिस्टीम बिघडते. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या डिस्कांपैकी बऱ्याच अशाच.

खानापूर_जंगलपट्टा

इथे सगळे ५० एमबीपीएसचं बोलायलेत, आमच्याकडे या की एकदा. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे गेलात तर जून ते सप्टेंबर नेट म्हणजे नशिबाचा खेळ, झाड पडलं की केबल तुटली, लाईट गेली की टॉवर पण बंद. मी शिक्षक आहे, शाळेचे दाखले, निकाल, मुलांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ सगळं सांभाळतो. क्लाऊडवर फक्त कागदपत्रं टाकतो, पीडीएफ आणि एक्सेल, ती मोबाईलच्या नेटवर पण चढतात. व्हिडिओ सगळे डिस्कवर.

पण डिस्कची आमच्याकडे वेगळी अडचण, दमट हवा. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना पण बुरशी येते तर डिस्कचं काय घेऊन बसलात. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, पुडीचा रंग बदलला की नवीन. आणि थंडगार कपाटातून काढलेली डिस्क लगेच लावत नाही, थोडा वेळ खोलीत राहू देतो. पेन ड्राइव्हवर तर काही म्हणजे काही कायमचं ठेवू नका, आमच्या शाळेत एका कार्यक्रमाचे सगळे फोटो तशा पेन ड्राइव्हवर होते, पुढच्या वर्षी बघायला गेलो तर तो फॉरमॅट करा म्हणायला लागला. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (आत फिरणारी तबकडी नसलेली डिस्क) लाईटशिवाय वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली की आतला चार्ज ओसरतो. वर्षानुवर्षं ठेवायचं तर साधी फिरणारी हार्ड डिस्कच बरी, ती पण सहा महिन्यांतून एकदा लावून बघायची.

जुनी_कागदं

नमस्कार, मी टिळकवाडीत राहते, निवृत्त आहे. माझा डेटा तुमच्यासारखा मोठा नाही पण परत मिळणारा नाही म्हणून लिहिते. सासऱ्यांच्या पेटीत मोडीतली कागदं होती, जमिनीची, सावकारीची, काही घरगुती पत्रं, बरीचशी १९५६ च्या आधीची, म्हणजे आपला भाग मुंबई राज्यात होता तेव्हाची. कागद हातात घेतला की कडा तुटून पडायच्या. गेल्या दोन वर्षांत भाच्याच्या मदतीने सगळी स्कॅन केली. आता मूळ कागदाला कसर लागली तरी चित्र राहील असं वाटतं, पण ते चित्र कुठे ठेवायचं हाच माझाही प्रश्न होता.

शेवटी दोन्हीकडे ठेवलं. एकूण आकार ४० जीबीच्या आसपास आहे, त्यामुळे क्लाऊडचा १०० जीबीचा प्लॅन घेतला, खर्च फार नाही. शिवाय एक डिस्क माझ्याकडे, एक भाच्याकडे.

मला दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते, तिच्याबद्दल इथे कुणी बोललं नाही. क्लाऊडचं खातं माझ्या नावाचं, ओटीपी माझ्या फोनवर. माझ्यानंतर काय? गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती बंद करून डेटा पुसू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून ते सुरू झालं. डिस्क निदान कपाटात मुलांना सापडते, क्लाऊडवरचं आहे हेच कुणाला माहीत नसतं. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे, त्यात आपण नेमलेल्या माणसांना ठरावीक काळानंतर डेटा मिळतो, ते मी भरून ठेवलंय. रिकव्हरी कोड कागदावर लिहून बँकेच्या पासबुकासोबत ठेवलेत. तुम्ही तरुण आहात पण स्टुडिओ हा घरचा धंदा आहे, भावालाही खात्यात कसं शिरायचं ते माहीत हवं.

बेंगळूरात_बेळगावकर

ताई, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या कंपनीत लोक तासनतास सर्व्हरचं बोलतात पण घरच्या खात्याचा वारस कोण हे कुणी भरलेलं नसतं.

मोडीची स्कॅन टिफमध्ये ठेवली आहेत की जेपीजीमध्ये? मूळ टिफमध्ये आणि वाचायला देण्यासाठी जेपीजी असं असेल तर उत्तम, जेपीजी परत परत सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते.

निपाणीकर_तंबाखू

क्लाऊडवाल्यांना एक विचारतो, क्लाऊड म्हणजे पण शेवटी कुणाचा तरी कॉम्प्युटरच ना? तिथे आग लागली तर?

बेंगळूरात_बेळगावकर

लागते की. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक पूर्ण इमारत गेली. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता त्यांचा डेटा कायमचा गेला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियात डेजॉनला सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, तिथल्या सरकारी नोकरांचा जी-ड्राइव्ह होता, ८५८ टीबी, त्याची दुसरीकडे कॉपीच नव्हती. एवढं पुढारलेलं सरकार, पण दुसरी कॉपी नाही.

उलट बाजू पण सांगतो. २०२४ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाऊडवरचं प्रायव्हेट क्लाऊडच गूगलच्या चुकीने उडालं. दोन ठिकाणी कॉपी होत्या पण दोन्ही त्याच सबस्क्रिप्शनखाली, त्यामुळे दोन्ही गेल्या. त्यांनी तिसरीकडे, दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप ठेवला होता म्हणून परत उभे राहिले.

तर मी क्लाऊडचा माणूस असून सांगतो, एकट्या क्लाऊडवर राहू नका. पीटर क्रोग नावाचे एक फोटोग्राफरच आहेत, त्यांनी ३-२-१ चा नियम लोकांपर्यंत पोचवला. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. तुमच्याच धंद्यातल्या माणसाने तुमच्याच अडचणीसाठी काढलेला नियम आहे.

टॅली_आणि_जीएसटी

उशिरा आलो, धागा वाचून काढला. मी अकाउंटची कामं करतो, संकेश्वर-हुक्केरी भागातले व्यापारी. फोटोचं मला कळत नाही पण हिशेबाच्या डेटाचं सांगतो कारण तुमच्या स्टुडिओचं बिलिंग पण असणारच.

जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. सहा वर्षं. नोटीस आली की "डिस्क मेली ओ साहेब" चालत नाही. आणि कंपनी म्हणून नोंदणी असेल तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. प्रोप्रायटरी फर्मला ते लागू नाही, पण सवय चांगली.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं एक. डेटाचं चालू फोल्डर सरळ ड्राइव्हच्या सिंकमध्ये टाकू नका. टॅली उघडी असताना अर्धवट फाइली वर चढतात आणि परत आणल्या की कंपनी उघडतच नाही. टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्या, ती फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मग ती क्लाऊडवर चढवा. आकार बारीक असतो, दहा वर्षांचा हिशेब पण १५ जीबीच्या आत बसतो. ३१ मार्चला वर्ष बंद करताना एक कॉपी वेगळी काढून ठेवायची, तिला परत हात लावायचा नाही.

शहापूर_स्टुडिओ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसून पण सांगितलं नसतं. अजून दोन शंका. साडेपाच टीबी सगळं क्लाऊडवर ठेवायचं तर खर्च झेपत नाही, २ टीबीच्या प्लॅनच्या वर गेलं की आकडा एकदम वाढतो. मग काय ठेवायचं, काय नाही? आणि दुसरं, गिऱ्हाइकांच्या घरातल्या बायकामुलींचे फोटो असतात, लग्नाआधीचे, हळदीचे, ते क्लाऊडवर टाकायला मन धजत नाही. लोक विश्वासाने देतात.

उद्यमबाग_आयटी

दुसऱ्या शंकेबद्दल आधी बोलतो, कारण असा विचार करणारे स्टुडिओवाले कमी. लॉक करून वर चढवायचं. क्रिप्टोमेटर म्हणून मोफत सॉफ्टवेअर आहे, ते पीसीवरच फाइली लॉक करतं आणि लॉक झालेल्याच वर जातात, क्लाऊड कंपनीला पण आत काय आहे ते दिसत नाही. जरा शिकायची तयारी असेल तर रेस्टिक किंवा कोपिया बघा, ती लॉक पण करतात, आवृत्त्या पण ठेवतात आणि बदललेलंच तेवढं वर चढवतात. बाहेर ठेवायची डिस्क पण लॉकच असली पाहिजे, बस स्टँडवर पिशवी राहिली तर कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आहेच, होम असेल तर व्हेराक्रिप्ट. फक्त पासवर्ड हरवला तर तुम्ही स्वतः सुद्धा उघडू शकणार नाही, कुणाकडे जाऊन उपयोग नाही. वरच्या ताईंनी सांगितलं तसं कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा.

पहिल्या शंकेचं म्हणजे, खायची जोंधळ्याची पोती आणि बियाण्याचं मडकं आपल्याकडे कधी एका जागी ठेवत नाहीत, तसं डेटाचं करा. अल्बम देऊन झालेल्या लग्नाच्या हजारो रॉ फाइली ही पोती. निवडलेले, एडिट केलेले फोटो, अल्बमच्या डिझाइन फाइली, वडिलांच्या निगेटिव्हची स्कॅन, बिलिंग हे बियाणं. हे बियाणं सगळं मिळून किती होतं ते मोजा, माझा अंदाज एक टीबीच्या आतच येईल. ते क्लाऊडवर. रॉ दोन डिस्कवर, त्यातली एक स्टुडिओच्या बाहेर.

चंदगडी_पाव्हणा

@शहापूर_स्टुडिओ तुमची बहीण आमच्याकडे चंदगड तालुक्यात दिली असं मागे एकदा म्हणाला होता नव्हे? मग बाहेरची डिस्क तिकडेच ठेवा की. सण, जत्रा, बारसं कशाला ना कशाला येणं-जाणं असतंच, तेव्हा एक डिस्क न्यायची आणि आधीची परत आणायची. आम्ही भावाभावात असंच करतो, तो बेळगावात अनगोळला, मी इकडे. वेगळा हेलपाटा लागत नाही म्हणून ते टिकतं. महिन्याच्या महिन्याला मुद्दाम जाऊन करायचं ठरवलं तर दोनदा होतं, तिसऱ्यांदा राहतं. घर नदीकाठी आहे का तेवढं बघा, निपाणीकरांनी सांगितलंय ते लई खरं आहे.

खानापूर_जंगलपट्टा

आणि दोन डिस्क घेताना एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच मॉडेलच्या घेऊ नका. एका लॉटमध्ये खोट असली तर दोन्ही मागेपुढेच जातात.

बेंगळूरात_बेळगावकर

खानापूरच्या सरांचं अगदी बरोबर.

एक राहिलं, आणि माझ्या मते क्लाऊड की लोकल यापेक्षा हे मोठं आहे. परत आणायला किती वेळ लागेल? सीझन ऐन जोरात असताना पीसी बंद पडला आणि सोमवारी अल्बम छपाईला जायचाय. साध्या यूएसबी ३ डिस्कवरून एक टीबी दोन-अडीच तासात परत येतो. तोच एक टीबी ५० एमबीपीएसने क्लाऊडवरून उतरवायला जवळजवळ दोन दिवस, नेट नीट चाललं तर. चालू कामासाठी हाताशी असलेल्या डिस्कला तोड नाही, क्लाऊड हा घर-दुकान दोन्ही गेलं तर त्यासाठी.

आणि परत आणून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांची मोठी साइट, ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाकडून चुकून चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, बघायला गेले तर एकही धड चालत नव्हती. एकाने आधी हाताने काढून ठेवलेली सहा तासांपूर्वीची कॉपी होती, तिच्यावर भागवलं.

जुनी_कागदं

@बेंगळूरात_बेळगावकर मूळ टिफमध्येच आहेत, ६०० डीपीआयवर. मोडी वाचणारे एक गृहस्थ म्हणाले की शाई फिकी असेल तर मोठं करून बघावं लागतं, म्हणून भाच्याने तसं केलं. परत आणून बघायचं तुम्ही म्हणताय ते मात्र केलेलं नाही. या रविवारी भाच्याला बोलावते.

शहापूर_स्टुडिओ

मंडळी, थोडे दिवस इथे लिहिलं नाही कारण कामाला लागलो होतो. काय केलं ते सांगतो.

बियाणं वेगळं काढलं. निवडलेले फोटो, डिझाइन फाइली, वडिलांच्या निगेटिव्हची स्कॅन आणि बिलिंग मिळून ८०० जीबीच्या आसपास निघालं. त्यासाठी २ टीबीचा प्लॅन घेतला, लॉक करून रात्री स्टुडिओ बंद झाल्यावर चढवायला लावतो, यूपीएस नवीन घेतला. खात्यात कसं शिरायचं ते भावाला दाखवलं आणि कोडचा कागद घरी आईच्या कपाटात ठेवला. रॉ साठी दोन ८ टीबीच्या डिस्क घेतल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या दुकानांतून. एक वरच्या मजल्यावर सिलिकाच्या डब्यात, दुसरी पुढच्या आठवड्यात ताईकडे चंदगडला जाईल, तिचं घर चढावर आहे, विचारून घेतलं. दर वर्षीच्या लग्नांची यादी एक्सेलमध्ये केली, कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर. चालू सीझनचं काम पीसीवर आणि छोट्या एसएसडीवर, अल्बम गेला की ते मोठ्या डिस्कवर हलवायचं. गिऱ्हाइकांनाही आता बिलावरच लिहून देणार आहे की रॉ फाइली दोन वर्षं ठेवू, नंतर हव्या असतील तर डिस्क घेऊन या.

परत आणून पण बघितलं. २०१४ चं एक लग्न क्लाऊडवरून भावाच्या लॅपटॉपवर उतरवलं, फोटो सगळे उघडले, डिझाइनची फाइल पण उघडली. पण जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर कॉपी झाल्यावर उद्यमबाग सरांनी फोनवर सांगितलं तसं चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ताळ्याचा आकडा) ताडून बघितलं तर एका फोल्डरमधल्या काही रॉ फाइली जुळल्या नाहीत. कॉपी होताना कुठलाच एरर आला नव्हता.

उद्यमबाग_आयटी

@शहापूर_स्टुडिओ छान काम केलंत. त्या फाइली अजून एखाद्या डिस्कवर असतील तर तिथून घ्या आणि परत ताडून बघा. कॉपी केली ती जुनी डिस्क पीसीतली की कपाटातली? डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो मोफत आहे, ते टाकून त्या डिस्कचं रिअलोकेटेड सेक्टर काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळी (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागांचे आकडे) बघा, शून्य नसतील तर तिच्यावर नवीन काही लिहू नका, आणि तिच्यावर राहिलेलं आधी दुसरीकडे हलवा. इंटरफेस सीआरसी एरर (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढलेले दिसले तर डिस्क बरी असेल, केबल बदला. स्क्रीनशॉट इथेच टाका, रात्री बघतो.